वाऱ्याकडे तोंड करून

ओआमारूच्या मैदानावर वारा दक्षिणेकडून येतो,
बर्फाचं घर सोडून निघालेला, वाटेत कुठेही न टेकलेला.
वारा पाठीशी घेऊन धावायचं ते वेगवान पोरांनी.
दुसऱ्या टोकासाठी कॅप्टन चेंडू पँटला घासत
उगाच इकडेतिकडे बघायचा,
आणि ज्याला नाही म्हणता येत नाही
त्याच्याकडे फेकायचा.
तो तू, कॉर्की. बावीस वर्षं.

इयुअन मॅकॉर्किंडेल, उजव्या हाताचा मध्यमगती.
मध्यम!
शब्दच बघ कसा, कोमट पाण्यासारखा.

मी तुझा विकेटकीपर.
स्टंपला नाक लावून उभा राहायचो.
पहिल्याच दिवशी भडकलास :
"राविरी, मी काय स्पिनर वाटतो तुला?"
मी म्हटलं, मागे गेलो तर चेंडू पोचेपर्यंत चहा होईल.
चार षटकं बोलला नाहीस.
पाचव्यात मी एकाला यष्टिचीत केलं
तेव्हा हसलास, तेही अर्धंच,
उरलेलं पुढच्या विकेटला राखून.

रात्री तीनला उठून दुधाचा टँकर न्यायचास,
शनिवारी दुपारी अठरा षटकं.
निवड समितीचा फोन आला तोही दूधसंघात.
दोघे जायबंदी, तिसऱ्याचं लग्न,
आणि तू बत्तिशीचा.
फोन घेणाऱ्या बाईंना वाटलं
फॅट कमी लागल्याची तक्रार आहे.
तुला निरोप दिला तो दुसऱ्या दिवशी.

फैसलाबाद.
मी रात्रभर रेडिओ कानाला लावून.
आपल्याकडे खेळपट्टीवर बूट ठेवला तर ओल लागते,
तिथे म्हणे तवा. आणि वारा?
पान हलत नव्हतं.
आयुष्यात पहिल्यांदा तुला कुणी अडवत नव्हतं
आणि तू अडखळलास,
भिंतीला टेकायला जावं
आणि तिथे भिंतच नसावी, तसा.
एकतीस षटकं, एकशे चार धावा, एक बळी.
तोही फुलटॉसवर, मिडविकेटच्या हातात.
(फलंदाज क्रीजमध्येच थांबला म्हणे थोडा वेळ,
एवढं सोपं आपण चुकलो कसे, ते बघत.)
धावफलकावर तुझं नाव मावलं नाही.
'मॅकॉर्कि'वरच संपलास.

दुसरा सामना नेपियरला. चार षटकं, मग पाऊस.
तिसरा हरारेत. चेंडू हातात आलाच नाही,
फलंदाजीला गेलास अकरावा,
परत आलास नाबाद शून्य.
झालं. एवढंच.
पुढच्या शनिवारी तू पुन्हा त्याच टोकाला,
आणि कुणी काही विचारलं नाही,
कारण विचारायचं काय?

काळी टोपी टँकरच्या काचेमागे पडून पडून
चहासारखी तपकिरी झाली.
पावत्या उडू नयेत म्हणून ठेवायचास त्यांच्यावर.

एक मला माहीत आहे, आणि तुला.
वाइमाटेविरुद्ध, मार्चची संध्याकाळ,
प्रेक्षक सात आणि एक कुत्रा.
वारा तोंडावर. तू टाकलेला एक चेंडू
ऑफस्टंपबाहेर निघाला, वाऱ्यावर क्षणभर रेलला,
मन बदलल्यासारखा आत वळला,
बॅट आणि पॅडच्या मधून गेला,
दोन्ही बेलना न हलवता.
माझ्या ग्लोव्हजमध्ये आला तो गरम होता, शपथ.
फलंदाज मागे वळून माझ्याकडे बघत राहिला.
मीही सांगू शकलो नसतो.
मिसेस ऊलेटनी वहीत टिंब दिलं,
थंडीने पेन चालत नव्हतं, म्हणून दोनदा गिरवलं.

आता दक्षिणेचा वारा सुटला
की माझी अनामिका ठणकते, दोन पेरांत वाकडी.
नवी डॉक्टर पोरगी बोट उलटंपालटं करून विचारते,
फार वेगवान होता का हो तो?

नाही गं, मध्यमगती.
खिडकी जरा उघडी राहू दे.